पोटातल्या जिवाणूंचं जेवण आणि टाइप २ मधुमेह: तीन महिन्यांची पद्धत

आमच्या घरी पिठाच्या दोन चाळण्या होत्या. एक भाकरीच्या पिठाची, मोठ्या भोकांची. दुसरी मैद्याची, अगदी बारीक जाळीची. पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून आई गव्हाचं पीठ त्या दुसऱ्या चाळणीतून चाळायची आणि वर राहिलेला तांबूस कोंडा गाईला जायचा. चौदा वर्षांपूर्वी तिला मधुमेह निघाला. साखर, गूळ, बटाटा, आंबा असं एकेक बंद झालं. चाळणी मात्र तशीच चालू राहिली. पथ्य म्हणजे काय सोडायचं याची यादी, एवढंच आम्हाला कुणी सांगितलं होतं. ताटातून काय हरवलंय आणि ते परत कसं आणायचं, हा प्रश्न मनात यायला बरीच वर्षं गेली.

तो कोंडा खरं तर आपल्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचा घास होता. त्यांचा आणि टाइप २ मधुमेहाचा संबंध काय आहे आणि घरच्या स्वयंपाकातून त्यासाठी काय करता येतं, ते मी इथे क्रमाने सांगते. यातलं काहीही गोळ्यांच्या ऐवजी करायचं नाही. गोळ्यांच्या जोडीने करायचं आहे.

आत नेमकं काय चालतं

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आहेत, म्हणजे साधारण आपल्या स्वतःच्या पेशींइतकेच. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. साखर, मैदा, पांढरा भात लहान आतड्यातच पचून रक्तात जातो, त्यामुळे खालपर्यंत फारसं काही पोचत नाही. पोचतो तो चोथा: धान्याचा कोंडा, कडधान्याची साल, भाजीचे धागे आणि न पचलेला थोडा स्टार्च.

चोथ्यावर जिवाणू काम करतात आणि त्यातून तीन छोटी आम्लं तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. मधुमेहाच्या दृष्टीने ब्युटिरेट लक्षात ठेवा. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्याच्यावरच मिळवतात. ते कमी पडलं की अस्तर कमकुवत होतं. मग काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचे तुकडे रक्तात झिरपतात, शरीरात मंद दाह सुरू होतो आणि दाह असला की इन्सुलिनचं काम अडतं. उंदरांवरच्या प्रयोगांत हा मार्ग २००७ मध्ये स्पष्ट दिसला.

दुसरा धागा हार्मोनचा. ही आम्लं आतड्यातल्या विशिष्ट पेशींना इशारा देतात आणि त्या पेशी जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडतात. जेवणानंतर इन्सुलिन वाढवणं, पोट हळू रिकामं करणं, भूक आवरणं ही त्याची कामं. सध्या ज्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनची चर्चा असते, ते याच हार्मोनची नक्कल करतं. पण अपेक्षा बेताची ठेवा. शरीरात तयार होणारं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत मोडून जातं. भाकरी-उसळीतून इंजेक्शनएवढा परिणाम मिळत नाही.

संशोधनाने काय दाखवलं, काय नाही

२०१२ मध्ये चीनमधल्या ३४५ जणांच्या विष्ठेतल्या जिवाणूंचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्यांमध्ये ब्युटिरेट बनवणारे जिवाणू कमी दिसले. पुढच्या वर्षी स्वीडनमध्ये सत्तरीच्या १४५ स्त्रियांची तपासणी झाली, तिथेही फरक दिसला. पण दोन्ही देशांत दोषी ठरलेल्या जिवाणूंची यादी एकसारखी नव्हती. भारतीयांच्या, विशेषतः धान्य-कडधान्यं खाणाऱ्यांच्या, आतड्यात प्रिव्होटेला गटाचे जिवाणू भरपूर असतात. त्यामुळे युरोपातली यादी आपल्याला जशीच्या तशी लावता येत नाही.

२०१५ मध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आली. आधीच्या अभ्यासांत ‘मधुमेहाची खूण’ म्हणून जे बदल मोजले गेले होते, त्यातले बरेचसे मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीमुळे झालेले होते. म्हणजे ही गोळी स्वतःच आतड्यातली वस्ती बदलते. पुढे २०१७ मध्ये नव्या रुग्णांना मेटफॉर्मिन देऊन त्यांचे जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तेव्हा उंदरांची साखर पचवण्याची क्षमता सुधारली. गोळीचा थोडा गुण आतड्यातून येतो असं यावरून दिसतं. गोळी सुरू केल्यावर सुरुवातीला जुलाब, मळमळ होण्याचं कारणही आतड्याशीच जोडलेलं असावं.

मग सडपातळ माणसाचे जिवाणू मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या माणसात घातले तर? ॲमस्टरडॅममध्ये हे करून पाहिलं. सहा आठवड्यांनी इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला, पण पुढच्या मोठ्या प्रयोगात अठराव्या आठवड्यापर्यंत तो फायदा ओसरला. मला यातून एक गोष्ट पटली. बाहेरून आणलेली वस्ती टिकत नाही, कारण तिला रोज लागणारं अन्न तेच जुनं राहतं. म्हणून आपण अन्नापासून सुरुवात करणार आहोत.

अन्नाच्या बाजूने सर्वांत बोलका प्रयोग २०१८ मध्ये चीनमध्ये झाला. मधुमेहाच्या रुग्णांचे दोन गट केले. दोघांनाही ॲकार्बोज ही गोळी दिली, पण एका गटाला नाना प्रकारचा भरपूर चोथा असलेला आहार दिला. १२ आठवड्यांनी चोथ्याच्या गटातल्या ८९ टक्के लोकांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी) ७ च्या खाली आलं, दुसऱ्या गटातल्या ५० टक्क्यांचं. आणि चोथ्यावर जगणाऱ्या जिवाणूंचे नेमके १५ वाण वाढलेले दिसले. अभ्यास लहान होता, तरी दिशा स्पष्ट आहे.

पहिली पायरी: सुरुवातीआधी डॉक्टरांशी बोला

गोळ्यांची चिठ्ठी समोर ठेवा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहार बदलल्यावर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक ही लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं.

इथे एक बारकावा आहे. आपल्याकडे व्होग्लिबोज ही गोळी पुष्कळांना देतात. ती किंवा ॲकार्बोज चालू असेल तर साधी साखर नीट पचत नाही, म्हणून साखर खाली गेल्यावर तिचा उपयोग उशिरा होतो. अशांनी घरात ग्लुकोज पावडरच ठेवावी. याच गोळ्या न पचलेला स्टार्च खालच्या जिवाणूंपर्यंत पोचवतात. त्यामुळे गॅस आधीच असतो आणि चोथा आणखी हळू वाढवावा लागतो.

किडनीचा आजार असेल तर डाळी, कडधान्यं, फळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. मधुमेहामुळे पोट हळू रिकामं होत असेल, म्हणजे थोडं खाल्लं की तासन्‌तास भरल्यासारखं, उलटी होईलसं वाटत असेल, तरीही तेच. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन आपोआप घटत असेल, तर आधी तपासणी, आहाराचं नंतर.

आणि सुरुवातीचं एचबीएवनसी करून घ्या. तीन महिन्यांनी तुलना कशाशी करायची, हे आत्ताच ठरतं.

दुसरी पायरी: दोन दिवस फक्त लिहा

काही बदलू नका. खाल्लेलं सगळं वहीत उतरवा आणि चोथ्याचा ढोबळ हिशेब करा. शंभर ग्रॅम कोरड्या पदार्थात ज्वारीत सुमारे १०, बाजरी, नाचणी आणि गव्हाच्या न चाळलेल्या पिठात सुमारे ११, मटकीत १५, अख्ख्या मुगात १७ ग्रॅम चोथा असतो. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनही नाही. मध्यम पेरूत ८ च्या आसपास. बहुतेकांना दिवसाला २५ ते ३० ग्रॅम गाठायचे असतात.

आईच्या वहीत पहिल्या दिवशी सकाळी चहा-बिस्किट, दुपारी तीन पोळ्या (चाळलेल्या पिठाच्या), बटाट्याऐवजी दुधी, वरण-भात आणि रात्री पुन्हा भात असं निघालं. गोड काहीच नव्हतं आणि चोथा जेमतेम बारा-तेरा ग्रॅम. तिला वाटायचं आपण किती कडक पथ्य करतो, आणि ते खोटंही नव्हतं.

तिसरी पायरी: पहिले दोन आठवडे पीठ आणि भात

गहू सोडून ज्वारीवर यायला हवं असं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. वरचे आकडे पाहा: चोथ्याच्या बाबतीत गहू मागे नाही, मागे पडतो तो चाळलेला गहू. म्हणून गिरणीतून आणलेलं पीठ जाड चाळणीने, खडे-काडी जाण्यापुरतंच चाळा. पोळी थोडी रखरखीत होते, म्हणून कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. आईची तक्रार तेवढ्याने थांबली.

तरीही आठवड्यातून तीन-चार वेळा भाकरी करा, कारण जिवाणूंना विविधता लागते. प्रत्येक वाण वेगळ्या धाग्यावर जगतो. आज ज्वारी, परवा बाजरी, मग नाचणी असा फेरा ठेवा. बारा धान्यं एकत्र दळून ‘मल्टिग्रेन’ करण्यापेक्षा हे सोपं आहे आणि चवही टिकते.

भात बंद करायची गरज नाही, पण तो वाटीत मोजून घ्या. शिजलेला भात गार झाला की त्यातला थोडा स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो आणि जिवाणूंपर्यंत पोचतो. एका मोजणीत ताज्या भातात असा स्टार्च शंभर ग्रॅमला ०.६४ ग्रॅम होता. चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केल्यावर तो १.६५ झाला. फरक खरा आहे, पण मोठा नाही. फोडणीच्या भाताने मधुमेह बरा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. त्यात वाढणारे काही जंतू विष तयार करतात आणि ते गरम करून जात नाही. शिजल्यावर तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा.

कोकण-गोव्याकडे उकडा तांदूळ आहेच. साळ (तुसासकट तांदूळ) सुकवण्याआधी उकडल्यामुळे त्यातही असा स्टार्च थोडा जास्त असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त, २६.४ टक्के, निघालं. तिथल्या घराघरात ही माहिती पोचावी असं मला मनापासून वाटतं.

चौथी पायरी: कडधान्यं, सावकाश

इथेच बहुतेक जण घाई करतात आणि सोडून देतात. मटकी, वाल, हरभरा, चवळी यांत अशा शर्करा असतात ज्या आपल्या पाचकरसांना मोडताच येत नाहीत. त्या थेट मोठ्या आतड्यात जातात, जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि गॅस होतो. गॅस म्हणजे बिघाड नव्हे, तिथे जेवण चाललंय याची खूण आहे. पण अनेक वर्षांची उपाशी वस्ती एकदम वाटीभर छोले पेलू शकत नाही.

म्हणून तिसऱ्या आठवड्यात फक्त अर्धी वाटी मुगाची उसळ, एक दिवसाआड. मूग सर्वांत हलके. पाचव्या आठवड्यापासून मटकी, चवळी. वाल, हरभरा, राजमा शेवटी. पोट फुगलं तर आठवडाभर मागच्या प्रमाणावर या, बंद करू नका.

मोड आणल्याने त्रास कमी होतो, कारण अंकुर फुटताना त्या शर्करा दाणा स्वतःच वापरतो. रात्री मटकी भिजत घाला, सकाळी पाणी ओतून द्या (काही शर्करा त्या पाण्याबरोबर जातात), ओल्या सुती कापडात घट्ट बांधा आणि भांड्यात झाकून ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसतात, थंडीत दुसरा दिवस उजाडतो. कापड सोडलं की मातीसारखा ओला वास यायला हवा. आंबूस, चिकट वाटलं तर टाकून द्या. कच्चे मोड खाऊ नका, ओलाव्यात नको ते जंतूही वाढतात. वाफवून घ्या. फोडणीत हिंग, वर आलं, ही आपली रीत चालू ठेवा.

पाणी वाढवा. चोथा वाढला आणि पाणी नाही वाढलं तर बद्धकोष्ठ होतं, आणि मग माणूस दोष भाकरीला देतो.

पाचवी पायरी: भाज्या, आणि काही खास पदार्थ

दोन्ही जेवणांत वाटीभर भाजी. शिवाय काकडी, मुळा, गाजराची कोशिंबीर जेवणाच्या सुरुवातीला. भाजी आणि डाळ आधी, भात-पोळी शेवटी, असा क्रम ठेवला की जेवणानंतरची साखर कमी चढते. हे छोट्या अभ्यासांत दिसलंय आणि यासाठी काही खर्च नाही.

गवारीबद्दल थोडं सांगते. गवारीच्या बियांतून गवार डिंक काढतात. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये हा डिंक जेवणात मिसळून दिल्यावर जेवणानंतरची साखर कमी चढते असं दाखवलं गेलं, आणि विरघळणाऱ्या चोथ्यावरचं बरंचसं संशोधन तिथून सुरू झालं. कोवळ्या शेंगेत हा डिंक कमी असतो, बी भरलेल्या शेंगेत जास्त. आई भरलेली गवार निवडताना बाजूला टाकायची, आता शिरा काढून तीच जपून शिजवते. मेथीच्या दाण्यांत याच जातीचा चिकट चोथा असतो. चमचाभर रात्री भिजवून सकाळी चावून खाल्ला तर चालतो, फक्त साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मोजमाप ठेवा.

कांदा, लसूण, कच्ची केळी, जवसाची चटणी हे रोजच्या रोज थोडं थोडं. इसबगोल घेणारे पुष्कळ आहेत. तो जेल बनवून साखरेचं शोषण मंद करतो, चांगलाच आहे. पण जिवाणू तो फारसा खात नाहीत. म्हणजे इसबगोल घेतला म्हणून उसळ सुटत नाही.

सहावी पायरी: ताक

दह्या-ताकातले जिवाणू आतड्यात घर करत नाहीत, बहुतेक वाटसरू असतात. तरी रोज आंबवलेलं खाण्याचा उपयोग होतो. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात ३६ जणांपैकी ज्यांनी दहा आठवडे दही, केफिर, किमचीसारखे आंबवलेले पदार्थ वाढवले, त्यांच्या आतड्यातली विविधता वाढली आणि दाहाच्या खुणा कमी झाल्या.

आपल्यासाठी घरच्या विरजणाचं, साखर न घातलेलं, वाटीभर ताक दुपारच्या जेवणात पुरे. कढी उकळली की जिवाणू मरतात, म्हणून कढी चवीसाठी, ताक या कामासाठी. इडली-आंबोळीचंही तसंच: आंबवण चांगलं, पण शिजताना जिवाणू जातात आणि उरतो तांदूळ. तेल-मिठात मुरलेल्या लोणच्याकडून ही अपेक्षा ठेवू नका, त्यातलं मीठ मात्र रक्तदाबाला लागू होतं.

काय घेऊ नये, काय मोजू नये

विष्ठा तपासून ‘तुमच्या जिवाणूंचा अहवाल’ देणाऱ्या महागड्या चाचण्या निघाल्या आहेत. अजून त्यावरून एका माणसाचा उपचार ठरवता येत नाही. प्रोबायोटिक कॅप्सूलचंही तसंच. ॲकरमान्सिया नावाच्या जिवाणूवर २०१९ मध्ये बेल्जियममध्ये एक आशादायक प्रयोग झाला, पण त्यात ३२ च लोक होते. ते पैसे सध्या भाजी-कडधान्यावर घाला.

अँटिबायोटिक सर्दी-पडशाला स्वतःहून घेऊ नका. डेन्मार्कच्या नोंदींमध्ये वारंवार कोर्स घेतलेल्यांत मधुमेह जास्त दिसला. तो कारण आहे की केवळ सोबती, हे ठरलेलं नाही, पण वस्तीवर घाला पडतो हे नक्की. खरी गरज असेल तेव्हा मात्र कोर्स पूर्ण करा, मधुमेहात जंतुसंसर्ग अंगावर काढणं जास्त धोक्याचं.

गोडवा आणणाऱ्या गोळ्यांबद्दल: २०२२ मध्ये १२० निरोगी लोकांवर दोन आठवडे केलेल्या प्रयोगात सॅकरिन आणि सुक्रालोजमुळे काहींचा साखरेला प्रतिसाद बिघडला, आणि तो बदल जिवाणूंशी जोडलेला दिसला. चहाचा गोडवाच हळूहळू कमी करणं मला जास्त बरं वाटतं. आईला तीन आठवडे लागले.

मीटर हातात घेऊन

इस्रायलमध्ये ८०० लोकांची साखर आठवडाभर सतत मोजली, तेव्हा एकच पदार्थ खाऊन दोघांची साखर अगदी वेगळी चढते असं निघालं, आणि त्यात जिवाणूंचाही वाटा होता. म्हणून शेजारणीला चाललं ते तुम्हाला चालेलच असं नाही. आठवड्यातून दोन दिवस एकच जेवण निवडा. जेवणाआधी मोजा, पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा मोजा. एकदा वाटीभर ताजा भात-वरण, दुसऱ्या आठवड्यात तेवढाच भात पण आधी कोशिंबीर आणि उसळ. दुसरा आकडा साधारण १८० च्या खाली राहावा असं बहुतेकांना सांगतात, तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललात त्या दिवशी वहीत तसं लिहा, नाहीतर श्रेय चुकीच्या पदार्थाला जातं.

आतड्यातली वस्ती चार-पाच दिवसांत बदलू लागते आणि जुनं जेवण सुरू केलं की तेवढ्याच वेगाने परतते. लग्नसराईत आठवडा गेला तर घाबरू नका, पुन्हा मुगापासून सुरू करा.

बाराव्या आठवड्यानंतर एचबीएवनसी पुन्हा करा आणि वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ ची तपासणीही त्याच वेळी मागा, ती गोळी ते कमी करते. आकडा उतरला असेल तर गोळीचं प्रमाण कमी करायचं का, हे त्यांना ठरवू द्या. उतरला नसेल तरी वहीतून कळतं की चोथा खरोखर वाढला होता का, की फक्त भाकरी आली आणि उसळ राहून गेली. आईच्या वहीत सातव्या आठवड्यात नेमकं तेच झालं होतं. त्या पानावर तिने पेन्सिलीने लिहिलंय: मटकी संपली, आणायची.